मायक्रोसॉफ्ट उशिरा येते, नक्कल करते, तरी जिंकते कशी?

तुम्ही विचारलंय की मायक्रोसॉफ्टचं जवळपास प्रत्येक नवं प्रॉडक्ट कुणाचं तरी बघून काढलेलं वाटतं, तेही उशिरा, तरी मागे पडतात ते स्पर्धकच. असं का? आणि कोपायलटचं, म्हणजे त्यांच्या एआय मदतनीसाचंही, तसंच होईल का?

आधी एक गंमत करून बघा. विंडोजवर एक्सेल उघडा, एका सेलमध्ये ६० टाका आणि त्या सेलचा फॉरमॅट बदलून तारीख करा. २९ फेब्रुवारी १९०० अशी तारीख दिसेल. हा दिवस कधी उजाडलाच नाही, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. ही चूक मूळची लोटस १-२-३ या एक्सेलच्याही आधीच्या स्प्रेडशीटची. ऐंशीच्या दशकात ऑफिसातला हिशेब म्हणजे लोटस, इतका त्याचा दबदबा होता. एक्सेल १९८५ मध्ये मॅकवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आलं. लोटसच्या शीट्समधल्या तारखा एका दिवसानेही सरकू नयेत, म्हणून मायक्रोसॉफ्टने ती चूकसुद्धा समजून उमजून उचलली. लोटसमध्ये मेनूसाठी स्लॅशची की दाबायचे. एक्सेलमध्ये आजही दाबून बघा, चालते.

नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात, ती अशी. समोरच्याचं प्रॉडक्ट सोडून येताना माणसाला कुठे कुठे ठेच लागेल, हे या कंपनीला फार लवकर कळलं होतं. पण एवढ्याने कुणी जिंकत नाही. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला एका मीटिंगमध्ये मिळालं.

काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीत एक वेगळं चॅट अ‍ॅप होतं, माणशी दरमहा पैसे मोजून घेतलेलं. आमच्या टीमचा त्याच्यावर जीव. रिन्यूअलची वेळ आली तेव्हा फायनान्सच्या मॅडमनी स्क्रीनवर एक शीट लावली (अर्थातच एक्सेलमध्ये). एका ओळीत त्या अ‍ॅपचं वर्षाचं बिल. खालच्या ओळीत मायक्रोसॉफ्टचं टीम्स, आणि त्याच्यापुढे शून्य, कारण एमएस ऑफिसचं लायसन्स आपण घेतोच, त्यात ते येतंच. एकाने सांगितलं की आपल्या अ‍ॅपचा सर्च चांगला आहे. दुसऱ्याने इंटिग्रेशन्सची यादी वाचली. मीही बरंच बोललो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, पण टीम्सने चालत नाही असं काय आहे?" याचं उत्तर आमच्यापैकी एकाकडेही नव्हतं. महिन्याभरात आम्ही टीम्सवर.

विकत घेणारा एक आणि वापरणारा दुसरा, असं जिथे असतं तिथे मायक्रोसॉफ्टला हरवणं महाकठीण. वापरणाऱ्याला सगळ्यात चांगली वस्तू हवी असते, घेणाऱ्याला चालण्यासारखी आणि आधीच्याच बिलात बसणारी. टीम्ससारखंच चॅट अ‍ॅप बनवणाऱ्या स्लॅकने २ नोव्हेंबर २०१६ ला, टीम्सची घोषणा झाली त्याच दिवशी, न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन मायक्रोसॉफ्टचं स्वागत केलं होतं, जोडीला चार उपदेशाचे शब्दही होते. तेव्हा ती जाहिरात मला झकास वाटली होती. जुलै २०२० मध्ये तीच स्लॅक युरोपियन कमिशनकडे तक्रार घेऊन गेली की टीम्स ऑफिसला चिकटवून आमच्यावर अन्याय होतोय. त्याच डिसेंबरात सेल्सफोर्सने स्लॅकला सुमारे २,७७० कोटी डॉलरना विकत घ्यायचं जाहीर केलं. कमिशनची चौकशी सुरू झाली २०२३ मध्ये. टीम्स जगभर ऑफिसपासून वेगळं विकायला लागले एप्रिल २०२४ मध्ये. तोवर लोकांची बोटं टीम्सला सरावली होती.

हा खेळ जुनाच. मे १९९५ मध्ये बिल गेट्सने इंटरनेटच्या लाटेबद्दलचा तो प्रसिद्ध मेमो लिहिला, आणि काही वर्षांत इंटरनेट एक्स्प्लोरर विंडोजमध्येच फुकट मिळायला लागला. नेटस्केप ही तेव्हाची आघाडीची ब्राउझर कंपनी संपली. अमेरिकन सरकारने १९९८ मध्ये खटला भरला, २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश निघाला, २००१ मध्ये अपिलात तो आदेश टिकला नाही. हे सगळं बऱ्याच जणांनी लिहिलंय. मला त्याच्या पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. शर्यतीत कुणी उरलं नाही तेव्हा मायक्रोसॉफ्ट झोपली. एक्स्प्लोरर ६ आला २००१ मध्ये आणि ७ आला थेट २००६ मध्ये. वेबसाइट बनवणाऱ्या ज्या कुणी ती पाच वर्षं काढली, त्याला ६ हा आकडा अजून अंगावर येतो. मधल्या काळात फायरफॉक्स उगवला, २००८ मध्ये क्रोम आला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचं ब्राउझर इंजिन सोडून एज या आपल्या ब्राउझरसाठी गूगलच्या क्रोममागचं क्रोमियम घेत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे ज्याच्याशी लढत होतो त्याच्याच घरातलं इंजिन आणून आपल्या गाडीला बसवलं. माझ्या मते तो निर्णय शहाणपणाचाच होता.

आता हरल्याची उदाहरणं बघा. २००६ चा झून हा म्युझिक प्लेअर आयपॉडपुढे टिकला नाही. विंडोज फोनच्या टाइल्स मला आजही सुंदर वाटतात (या मताला पाठिंबा फारसा मिळत नाही), पण अ‍ॅप बनवणारे तिकडे फिरकलेच नाहीत, आणि नोकियाचा फोनचा धंदा विकत घेऊन वर्ष-सव्वा वर्ष होतंय तोच जुलै २०१५ मध्ये ७६० कोटी डॉलर बुडीत खात्यात टाकावे लागले. दोन्हीकडे पैसे माणूस स्वतःच्या खिशातून देत होता आणि वस्तू स्वतः वापरणार होता. तिथे मॅडमची शीट उपयोगाची नाही.

सत्या नाडेला २०१४ मध्ये सीईओ झाले आणि त्यांनी भांडण कुठे करायचं नाही हे ठरवलं, असं मला वाटतं. दोन महिन्यांच्या आत आयपॅडवर ऑफिस आलं. ज्या लिनक्सला (फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) आधीचे सीईओ स्टीव्ह बामर यांनी २००१ मध्ये कॅन्सर म्हटलं होतं, त्याच लिनक्सच्या फाउंडेशनमध्ये कंपनी २०१६ मध्ये सामील झाली. क्लाउडमध्ये अ‍ॅमेझॉन २००६ पासून होती, अ‍ॅझ्युअर ही मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा बाजारात आली २०१० मध्ये. उशीर नेहमीसारखाच. पण विंडोज सर्व्हरची लायसन्सं ज्या कंपन्यांनी आधीच घेतली होती त्यांना अ‍ॅझ्युअरवर ती स्वस्तात नेता आली. परत तीच शीट, परत तीच ओळ.

मग आलं एआय, आणि इथे मायक्रोसॉफ्ट पहिल्यांदाच वेळेवर होती. ओपनएआयमध्ये १०० कोटी डॉलर तिने २०१९ मध्येच घातले होते, चॅटजीपीटी यायच्या तीन वर्षं आधी. फेब्रुवारी २०२३ मध्ये बिंगला चॅट जोडलं आणि गूगलला आम्ही नाचायला लावलं हे लोकांना कळू दे, असं नाडेला मुलाखतीत म्हणाले. गूगल नाचलीही. बार्ड या तिच्या चॅटबॉटच्या जाहिरातीतल्या एका चुकीच्या उत्तराने अल्फाबेट या गूगलच्या मूळ कंपनीचं बाजारमूल्य एका दिवसात सुमारे १०,००० कोटी डॉलरनी घसरलं. पण सर्च मात्र गूगलकडेच राहिला. आयफोनवर डिफॉल्ट राहण्यासाठी गूगलने अ‍ॅपलला २०२२ या एका वर्षात २,००० कोटी डॉलर दिले होते, हे पुढे अमेरिकन सरकारने गूगलवर भरलेल्या खटल्यात उघड झालं. याच खटल्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये नाडेला साक्षीला उभे राहिले आणि डिफॉल्ट बदलणं सोपं असतं हे म्हणणं खोटं आहे, अशा अर्थाचं बोलले. खरंच बोलले. नेटस्केपवाल्यांनी ते वाचून काय केलं असेल, कोण जाणे!

आता कोपायलट. कंपन्यांसाठीचा मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलट नोव्हेंबर २०२३ मध्ये आला तो माणशी महिना ३० डॉलर असा, तेही आधीच्या लायसन्सच्या वर. टीम्सच्या वेळचा शून्य इथे नाही. शिवाय चॅटजीपीटीची सवय लोकांना ऑफिसबाहेरच लागलेली असते, त्यासाठी कुणा फायनान्सवाल्यांची परवानगी लागत नाही. त्यामुळे टीम्ससारखा सरळ विजय मला यात दिसत नाही. मायक्रोसॉफ्टलाही बहुधा हे जाणवलंय. जानेवारी २०२५ मध्ये तिने घरगुती प्लॅनमध्ये कोपायलट घातला आणि अमेरिकेत महिन्याला ३ डॉलर वाढवले. म्हणजे परत आधीच्याच बिलात घुसणं, फक्त या वेळी बिल फुगवून. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये यावरून कंपनीला कोर्टात खेचलं. कोपायलट नसलेला जुन्या दराचा प्लॅन उपलब्ध होता, पण ग्राहक सबस्क्रिप्शन बंद करायला निघाल्याशिवाय तो दाखवलाच जात नव्हता, असा आरोप आहे.

पैज लावायची तर मी असं म्हणेन: कोपायलट वेगळी वस्तू म्हणून फार काळ विकला जाणार नाही, तो हळूहळू ऑफिसच्या मूळ दरात विरघळेल. आणि तसं झालं की इतरांची पंचाईत सुरू.

आमच्याकडे सध्या त्या ३० डॉलरवरच घोळ चाललाय. शीट लावणाऱ्या मॅडम त्याच, पण प्रश्न त्यांनी उलटा केलाय. परवा त्यांनी विचारलं, "याच्याशिवाय चालत नाही असं काय आहे?" चार टीमलीड होते. एकाने सांगितलं की मीटिंगचा सारांश छान येतो. मॅडम म्हणाल्या, "मग मीटिंगा कमी करू या का?"