'संशोधन' कशाकशाला म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: "अनेक विभाग असलेल्या एका शिक्षणसंस्थेच्या वर्षभराच्या कामाचा आढावा मराठीत लिहितो आहे. त्यात गणितातली सिद्धता आहे, जुन्या पत्रांचं संपादन आहे, प्रयोगशाळेतलं काम आहे आणि नाटक, संगीतरचना, शिल्पंही आहेत. सगळ्याला 'संशोधन' म्हणता येईल का? की 'संशोधन व सर्जनशील कार्य' असं शीर्षक द्यावं?"

माझं मत आधीच सांगतो. शीर्षक 'संशोधन आणि निर्मिती' असावं आणि खाली प्रत्येक कामाला त्याचं स्वतःचं क्रियापद मिळावं. त्यातही क्रियापदांची गोष्ट मला शीर्षकापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

'संशोधन' म्हटलं की पुष्कळांच्या मनात पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या येतात. पण मराठीत हा शब्द रुजवण्यात इतिहासाच्या आणि प्राच्यविद्येच्या अभ्यासकांचा मोठा वाटा आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 सालचं, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर 1917 सालचं. तेव्हा पत्रांचं संपादन 'संशोधन'मध्ये बसतं का, अशी शंका घेण्याचं कारणच नाही. ते या शब्दाचं जुनं घर आहे.

शब्दाच्या मुळाशी 'शुध्' धातू आहे. संशोधन म्हणजे नीट शुद्ध करणं, गाळ काढून टाकणं. महाभारताची चिकित्सक आवृत्ती घ्या. 1919 मध्ये सुरू झालेलं ते काम 1966 पर्यंत चाललं आणि त्यासाठी 1259 हस्तलिखितं तपासली गेली. एकेका श्लोकाचे पाठभेद नोंदवायचे, मागाहून शिरलेला मजकूर वेगळा काढायचा आणि सर्वांत जुना म्हणता येईल असा पाठ ठरवायचा, हे अक्षरशः शोधन आहे. गणितातही हाच अर्थ लागू पडतो. फर्माचं शेवटचं प्रमेय हे गणितातलं जुनं, शतकानुशतकं न सुटलेलं कोडं; त्याची सिद्धता गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांनी 1993 मध्ये जाहीर केली, तपासणीत तिच्यात एक त्रुटी सापडली आणि 1994 मध्ये रिचर्ड टेलर यांच्या मदतीने ती दूर झाली. मग 1995 मध्ये सिद्धता प्रसिद्ध झाली. पोथी आणि प्रमेय यांच्यात साम्य शोधू गेलं तर फार थोडं सापडेल, पण 'संशोधन' हा शब्द दोन्हीकडे मुळापासून खरा ठरतो.

हिंदीत मात्र तो मुळाजवळच थांबला आणि त्याचा अर्थ दुरुस्ती असाच राहिला. त्यांचं 'संविधान संशोधन' म्हणजे आपली घटनादुरुस्ती. म्हणून 'कायद्यात संशोधन झाले' असं मराठीत लिहू नये. आपण ज्याला संशोधन म्हणतो त्याला हिंदीत 'अनुसंधान' किंवा 'शोध' म्हणतात. आपलं 'अनुसंधान' वेगळं, नामस्मरणात टिकवायचं असतं ते. 'अन्वेषण'ला आता तपासयंत्रणेचा वास लागला आहे. बंगालीत 'गवेषणा' चालतो. मूळ अर्थ गाईंचा शोध घेणं! शब्द देखणा आहे, पण मराठी वाचकाला तो अडखळवेल.

आता नाटक आणि शिल्प. ही कामं 'संशोधन' या सदरात टाकून त्यांचा मान वाढतो, असा एक समज दिसतो. मला तो पटत नाही. संशोधनाची मोजणी कशी करावी हे सांगणारी एक आंतरराष्ट्रीय नियमपुस्तिका 1963 पासून वापरात आहे, इटलीतल्या फ्रास्काती गावाच्या नावाने ओळखली जाणारी. काम नवं हवं, कल्पक हवं, निष्पत्तीची आधी खात्री नसलेलं हवं, पद्धतशीर हवं आणि दुसऱ्याला हाती घेता येईल असं हवं, अशा पाच कसोट्या ती सांगते. कल्पकता त्यात आहेच, हे विशेष. तरीही निव्वळ कलाविष्कार ती सहसा संशोधनात धरत नाही. हा कलेचा अवमान नाही. चांगल्या नाटकाला संशोधनाचं प्रमाणपत्र लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मधला प्रदेश मात्र फार समृद्ध आहे. विष्णु नारायण भातखंडे देशभर हिंडले, घराण्यांत जपलेल्या बंदिशी त्यांनी मिळवून लिपिबद्ध केल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली. हे संशोधन. त्याच भातखंड्यांनी रागाची लक्षणं गाण्यातच सांगणारी लक्षणगीतं 'चतुर' या नावाने रचली. ही निर्मिती, पण संशोधनातून आलेली. हंगेरीत संगीतकार बेला बार्तोक यांनी खेड्यापाड्यांतली लोकगीतं फोनोग्राफवर टिपली, त्यांचं वर्गीकरण केलं आणि तेच स्वर पुढे त्यांच्या स्वतःच्या रचनांत उतरले. अशा कामांसाठी ब्रिटिश कलाशिक्षणतज्ज्ञ ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी 1993 मध्ये केलेले तीन भेद उपयोगी पडतात. मराठीत ते सहज सांगता येतात: कलेविषयीचं संशोधन, कलेसाठीचं संशोधन आणि कलेतून होणारं संशोधन. तुमच्या नाट्यविभागाने एखादी विस्मृतीत गेलेली नाट्यपद्धती तपासण्यासाठीच नाटक बसवलं असेल, तर ते तिसऱ्या प्रकारात जाईल. नाटक बसवावंसं वाटलं म्हणून बसवलं असेल, तर ती निर्मिती. आढाव्यात तसं स्वच्छ लिहा.

'सर्जनशील कार्य' नको म्हणण्याचं कारण साधं आहे. 'सर्जनशील' हा माणसाच्या वृत्तीचा गुण, आणि तो गणितज्ञातही असतो. एकाच बाजूला तो चिकटवला की दुसरी बाजू रुक्ष आहे असं उगाच सूचित होतं. 'निर्मिती'मध्ये तो पक्षपात नाही. 'आविष्कार'ही चालला असता, पण हिंदीत त्याचा अर्थ यंत्राचा वगैरे शोध असा होतो आणि दोन्ही भाषा वाचणाऱ्यांचा गोंधळ उडतो.

आता क्रियापदं. असे आढावे वाचताना मला सर्वांत जास्त खटकतं ते ओळीओळीला येणारं 'यांनी संशोधन केले'. त्याने कामांची सगळी विविधता पुसली जाते. गणितज्ञ प्रमेय सिद्ध करतो किंवा अटकळ मांडतो. पुराभिलेखतज्ज्ञ जुना कोरीव लेख वाचतो, त्याचा काळ ठरवतो. वनस्पतिशास्त्रज्ञ नव्या प्रजातीचं वर्णन करतो, समाजशास्त्रज्ञ पाहणी करतो, कोशकार नोंदी रचतो, भाषांतरकार भाषांतर करतो. नाटक बसवतात, शिल्प घडवतात, बंदिश बांधतात. इतकी नेमकी क्रियापदं हाताशी असताना त्यांच्यावर एकच झाकण कशाला ठेवायचं? 'शोध लावला' मात्र जपून वापरा. शोध घेता येतो हवा तेवढा, पण तो लागावा लागतो. प्रत्येक शोधनिबंधामागे तो लागलेला असतोच असं नाही, आणि नसला तरी काम मोलाचं असू शकतं.

एक शब्द आवर्जून तपासा: 'प्रयोग'. रसायनशास्त्राचा विभाग प्रयोग करतो, नाट्यविभागही प्रयोग करतो आणि व्याकरणवाले तर कर्तरी, कर्मणी, भावे असे प्रयोग शिकवतात. मराठीने हे सगळं एका शब्दात सामावलं याचा मला मनापासून आनंद वाटतो. पण तुमच्या तक्त्यात 'प्रयोगांची संख्या' असा रकाना असेल, तर तिथे 'नाट्यप्रयोग' आणि 'प्रयोगशाळेतील प्रयोग' असे दोन वेगळे रकाने करून घ्या.