आधी एक जॉइंट करून बघा

तुझं पत्र मिळालं, तुमचा ग्रुप बांबूचा जो उघडा निवारा बांधणार आहे त्याची सोबतची चित्रंही नीट बघितली. छप्पर पानासारखं वळलेलं, खांब थोडे तिरके, छान जमलंय. पण एक गोष्ट लगेच खटकली. चित्रातल्या सगळ्या रेषा एकाच जाडीच्या आहेत, आणि बांबू तसा नसतो गं. बुडखा जाड, शेंडा बारीक, मधेच कुठेतरी बाक, आणि गाठी कुठे येतील ते तर प्रत्येकाचं वेगळं. सॉफ्टवेअरमधला बांबू हा पाइप असतो, हातात येतो तो पाइप नसतो.

म्हणून सांगतो, चित्र आठवडाभर बाजूला ठेवा. बांबू आणा आणि सगळ्या ग्रुपने बसून मोजा, प्रत्येकावर नंबर टाका, लांबी, बुडख्याचा व्यास, शेंड्याचा व्यास, बाक कुठे आणि किती, सगळं वहीत लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण ते झालं की कुठला खांब आणि कुठला वासा हे बांबूच सांगायला लागतो. डिझाईन तिथून सुरू करा.

आणताना वय बघा. बांबू म्हणजे गवतच, कोंब जमिनीतून वर येतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते आणि उंचीही काही महिन्यांत पुरी होते, त्यामुळे पहिल्या वर्षाचा आणि चौथ्या वर्षाचा बांबू लांबून सारखेच दिसतात आणि नवखा माणूस तिथेच फसतो. आपल्याला निदान 3 वर्षांचा हवा. अंगावरची सालपटं गळून गेलेली, हिरवा तजेला कमी झालेला, पांढरट डाग आलेले, आणि ठोकला की खणखणीत आवाज. कोवळा बांबू वाळताना आक्रसतो, मग आज घट्ट बांधलेली दोरी दोन महिन्यांनी सैल. शिवाय त्यात साखर आणि स्टार्च जास्त, म्हणजे भुंग्यांना आमंत्रणच. बांबूच्या खाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसली की समजायचं आत खाणं सुरू झालंय.

त्यावर उपाय म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं साधारण 5 टक्क्यांचं पाणी, त्यात आठवडाभर तरी बुडवून ठेवायचं. बाहेरच्या सालीतून औषध आत जात नाही, म्हणून लांब सळईने आतले पडदे फोडून घ्यायचे. हातमोजे घाला, आणि उरलेलं पाणी ओढ्यात किंवा झाडांच्या बुडाशी ओतू नका. पण हे औषध पावसात धुऊन जातं हे लक्षात ठेवा, त्यामुळे औषध केलं म्हणजे सुटलो असं नाही. खांब मातीत पुरू नका, दगडाच्या किंवा काँक्रीटच्या उंचवट्यावर घ्या, आणि वळचण एवढी बाहेर काढा की पावसाची तिरपी सर खांबापर्यंत पोचणार नाही. तुमच्या चित्रात वळचण जवळजवळ नाहीच. दिसायला हलकं वाटतं, मान्य, पण त्याची किंमत खांब मोजतील.

आता मुख्य मुद्दा. मॉडेल कराल तेव्हा कराल, त्याआधी एक जॉइंट खऱ्या मापात करा. छोट्या काड्यांच्या मॉडेलमध्ये डिंकाचा थेंब सगळं सांभाळून घेतो, खऱ्या कामात डिंक नसतो.

उभ्या बांबूच्या डोक्यावर आडवा बसतो तो जॉइंट घ्या. उभा असा कापायचा की गाठ खाचेच्या अगदी खाली राहील. मग करवतीने ओबडधोबड खाच काढायची आणि अर्धगोल कानशीने घासत जायचं, मधेमधे आडवा ठेवून बघायचा, फटीतून उजेड दिसला की परत घासायचं. पहिल्याला अर्धा दिवस लागेल, लागू दे. नीट बसलेला बांबू हाताला कळतो, तो डुगडुगत नाही. कडा मात्र सुरीसारख्या होतात आणि कूस बोटात शिरली तर निघता निघत नाही, म्हणून प्रत्येक कापलेली कड लगेच घासून टाका.

बोल्टचं मी स्वतः शिकलोय ते सांगतो. विद्यार्थी असताना आमच्या ग्रुपने भोकं चित्रात होती तिथेच पाडली, म्हणजे दोन गाठींच्या बरोबर मधे. पाना फिरवत गेलो, अजून थोडं घट्ट, अजून थोडं, आणि कट्ट असा आवाज आला. चीर एका गाठीपासून दुसरीपर्यंत सरळ गेली होती. बांबूचे तंतू लांबीच्या दिशेने धावतात, ओढलं तर तो जबरदस्त ताकद दाखवतो पण आडवा दाबला की पोकळ असल्यामुळे चिरतो. म्हणून बोल्ट गाठीजवळ घ्या, भोक ड्रिलनेच पाडा, खिळा तर मुळीच ठोकू नका, वॉशर मोठा वापरा. जिथे जोर फार येणार तिथे ते पेर सिमेंट-वाळूच्या मसाल्याने भरून टाकतात. कोलंबियाचे आर्किटेक्ट सिमोन वेलेस यांनी याच पद्धतीवर केवढी मोठी छपरं उभी केलीत! 2000 सालच्या हॅनोवर एक्स्पोमधला त्यांचा बांबूचा मंडप आधी कोलंबियातच मनिसालेस शहरात पूर्ण मापाने बांधून तपासला होता, मग जर्मनीत उभा राहिला. एवढ्या अनुभवी माणसाला खऱ्या मापात करून दाखवावं लागलं, तर आपण एक जॉइंट तरी करू या.

चित्रात कर्णही नाहीत. चार खांब आणि वर चार आडवे, हे भक्कम दिसतं पण एका हाताने ढकललं की सगळं डुलतं. निदान दोन बाजूंना तिरका आधार हवाच. आणि असा उघडा निवारा हलका असतो, वारा खालून शिरला की छप्पर उचलायलाच बघतो, तेव्हा छप्पर खांबाला आणि खांब पायाला बांधलेला पाहिजे, नुसता टेकलेला नको. वाऱ्याचा हिशोब स्ट्रक्चरवाल्या सरांकडून किंवा मॅडमकडून तपासून घ्या, बांबूच्या बांधकामाचं 22156 नंबरचं आयएसओ मानक आहे, 2021 मध्ये सुधारलेलं, ते त्यांना बघायला सांगा.

ग्रुपबद्दल तू लिहिलंस की तिघं डिझाईन करतायत आणि बाकीचे नंतर बांधणार. हे मला पटलं नाही. ज्याने कानस हातात धरली नाही तो असा जॉइंट काढतो जो कुणालाच करता येत नाही, मग साइटवर भांडणं होतात. सगळ्यांनी निदान एक खाच घासावी, त्या तिघांनी तर आधी.

तर या आठवड्यात एवढंच, मोजलेल्या बांबूंची वही आणि एक जॉइंट. झाला की त्यावर दोघं जण लोंबकळून बघा, जमिनीपासून हातभर उंचीवरच. फुटला तर तुकडे फेकू नका, मला दाखवायला ठेवा, चीर कुठून सुरू झाली ते बघून छपराचं ठरवू.