घरात आजी शेवटच्या आजारपणात आहे. चौदा वर्षांच्या मुलाला मृत्यूवरची कादंबरी वाचायला द्यावी का? कोणती?

द्या. फक्त 'आयुष्याची किंमत कळेल' म्हणून देऊ नका. कुणी शिकवायला बसलंय हे त्या वयात पहिल्या पानावरच कळतं आणि पुस्तक मिटतं.

माझे बाबा गेले तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. आठ महिने ते अंथरुणाला खिळून होते. कुस्करलेला वरणभात, औषधांचा वास, रात्रभर कण्हणं. एका रात्री डोक्यावर उशी घेऊन मी मनात म्हटलं, संपू दे एकदाचं. तीन आठवड्यांनी संपलं. भेटायला येणारे आईला म्हणायचे, "सुटले हो, फार हाल झाले." मोठ्यांना हे बोलायची मुभा असते. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना, शेवटी दर्भाचा कावळा केला, तेव्हा मी मात्र मनाशी पक्कं धरलं की बाबांना माझं ते वाक्य कळलंय. कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही.

म्हणून माझं उत्तर एकच आहे : पॅट्रिक नेसची 'अ मॉन्स्टर कॉल्स' (२०११). तेरा वर्षांच्या कॉनरची आई कर्करोगाने आजारी आहे. रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी घरामागच्या टेकडीवरचं यू नावाचं जुनाट झाड राक्षस होऊन त्याच्या खिडकीशी येतं. ते तीन गोष्टी सांगणार आणि चौथी त्याच्याकडून ऐकणार, तीही खरी. शेवट फोडतोय, पण निर्णय तुम्हाला घ्यायचाय : ती चौथी गोष्ट म्हणजे माझी उशीखालची गोष्ट. हे सगळं संपावं असं त्यालाही वाटलेलं असतं, आणि त्याबद्दल आपल्याला शिक्षा व्हावी म्हणून तो वाट बघत असतो. राक्षस शिक्षा करत नाही. आई जगावी आणि हे संपावं, दोन्ही एकाच मनात खरं असू शकतं, एवढंच त्याला पटवतो. त्या पानावर मी चाळिशीत रडलो.

आईचं शेवटचं औषधही यूच्याच झाडापासून केलेलं असतं. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध खरोखरच पहिल्यांदा यूच्या सालीतून मिळालं होतं. पण लेखक त्या जोरावर चमत्कार घडवत नाही, हे मला फार आवडलं. मूळ कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची. ती स्वतःच २००७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने गेली, मग नेसने पुस्तक लिहिलं.

बरेच जण जॉन ग्रीनची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' सुचवतील ('दिल बेचारा' तिच्यावरूनच). छान आहे, पण ती आजारी मुलीच्या बाजूने लिहिलीय, तुमचा मुलगा खाटेच्या अलीकडे आहे. 'श्यामची आई' मात्र आत्ता नको. तिथे आई इतकी थोर आणि श्याम इतका हळवा, की मी तेव्हा वाचली असती तर जास्तच अपराधी वाटलं असतं.

'अ मॉन्स्टर कॉल्स'चं इंग्रजी सोपं आहे आणि जिम केची काळी चित्रं जबरदस्त आहेत, तेव्हा चित्रांचीच आवृत्ती घ्या. त्याच्या टेबलावर ठेवून द्या, वाचलंस का म्हणून मागे लागू नका. फक्त शेवटची तीसेक पानं त्याला शाळेच्या बसमध्ये वाचू देऊ नका.