जुन्या गाडीतला रेडिओ-सीडी स्टिरिओ: सुरुवात इथून करा

गाडीसोबत स्टिरिओ आला हे छानच झालं. बटणं बघून घाबरू नका, पहिल्या आठवड्यात दोन-तीनच लागतात.

आधी स्टेशनं साठवा, गाडी उभी असताना. एफएम लावा, समजा पुण्यात असाल तर 101 वर विविध भारती आणा, आणि 1 ते 6 पैकी एक आकडा दोनेक सेकंद दाबून धरा. आवाज येईल किंवा आकडा चमकेल, मगच सोडा. इथेच बहुतेक जण चुकतात: नुसतं टिचकीसारखं दाबतात, मग स्टेशन साठत नाही आणि सेट बिघडलाय असं वाटतं. घाटात खरखर वाढली तर सेटला दोष देऊ नका, डोंगर आड आला की एफएमच्या लहरी अडतात.

सीडीचं मात्र जपून. छापील बाजू वर, कडेला धरून, अर्धी आत सरकवा. मग यंत्रच ती स्वतः आत ओढून घेतं. माझी एक लाडकी सीडी मी जोर लावून ढकलली होती, आतच अडकली. आणि हे टाळा:

- कागदी लेबल चिकटवलेली सीडी. उन्हात लेबल सुटतं.
- गोल गोल पुसणं. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा.
- डॅशबोर्डवर उन्हात सीडी ठेवणं.

सीडीवर फाइल म्हणून भरलेली एमपी3 गाणी वाजत नसतील तर स्टिरिओच्या पुढच्या पट्टीवर तशी खूण आहे का बघा. नसेल तर साधी ऑडिओ सीडीच लावा. इक्वलायझरला, म्हणजे आवाजातले जाड-बारीक सूर कमी-जास्त करणाऱ्या सोयीला, सध्या हात लावू नका.