मीटिंग कोणती चांगली? आधी परतीची गाडी बघा

ताई, तुमचं दोनदा वाचलं. नवरा व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून आला, त्यांनी एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनीच चालवलेला गट) मीटिंगला जात जा म्हणून सांगितलं, तो एकदा यवतमाळला गेला आणि "तिथं सगळे रिटायर मास्तर न् बँकवाले, आपल्यातलं कोणी नाही" म्हणत परत आला, पोळ्याला दारू पुन्हा सुरू झाली. आता त्याला जमेल अशी मीटिंग कशी शोधायची हे तुम्ही विचारलंय. मी पण याच जिल्ह्यातला कास्तकार, दारू सुटून नऊ वर्षं झाली, थोडं लांबेल पण सांगतो.

आधी एक. तो पुन्हा रोज पीत असेल तर एकदम बंद करायला लावू नका. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास माणूस बरळतो, नसलेलं दिसतं, त्यात जीव पण जातो. म्हणून आधी सरकारी दवाखाना, मग मीटिंग. मीटिंग म्हणजे औषध नाही. आणि कोणी दारू सुटायची, भाजीत टाकायची पुडी दिली तर टाकू नका, माझ्या घरच्यांनी वरणात टाकली होती, वर मी पव्वा मारला आणि उलट्या होऊन होऊन बीपी इतका पडला की रात्री ऑटोत टाकून न्यावं लागलं.

आता मीटिंगचं. मी पण आधी यवतमाळलाच जायचो, कारण एकच, तिथं ओळखीचं कोणी भेटू नये. मीटिंग सात ते साडेआठ, शेवटची गाडी साडेसातला. म्हणजे दर वेळी अर्ध्यातून उठायचं न् स्टँडवर उभं राहायचं, आणि स्टँडसमोर काय असते ते तुम्हाला माहीतच आहे. चौथ्या आठवड्यात गाडी पण चुकवली आणि भट्टीवर पण बसलो.

मग तालुक्याच्या मीटिंगला गेलो. शाळेची खोली, तिसरीच्या पोरांचे बाक, गुडघे छातीला लागत होते. दारातच जिनिंगवरचा काटेवाला, ज्यानं माझा कापूस दहा वर्षं मोजला तो! मी वळलोच होतो तर म्हणे, "काऊन पळतं बे, भट्टीवर तं माया बाजूलेच बसत जाय." चहा आला तेव्हा त्यानं सगळ्यांचे कप भरले न् माझा अर्धाच भरला. मला राग आला, नवीन आहे म्हणून अर्धा का. मग कप उचलला तेव्हा समजलं, हात इतका कापत होता की भरलेला असता तर मांडीवर गेला असता. त्यानं न विचारता ओळखलं, कारण त्याचाही असाच कापायचा.

म्हणून नवरा म्हणतो त्यात तथ्य आहे, आपल्यासारखं कोणी दिसलं की बसवतं. पण रिटायर मास्तरांवरून नाव कापू नका. हे एए 1935 ला अमेरिकेत सुरू केलं तेच दोन दारुड्यांनी, एक शेअर बाजारवाला न् एक सर्जन, आपल्याकडे 1957 पासून आहे. अट एकच, दारू सोडायची इच्छा. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, थैली फिरते त्यात दहा टाका नाहीतर नका टाकू. एका मीटिंगवरून ठरवू नका, तीन-चार ठिकाणी जाऊ द्या. आणि ओळखीच्यांची लाज म्हणाल तर, तो पितो हे गावाला आधीच माहीत आहे, सोडली हे माहीत झालं तर काय बिघडते? शिवाय तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही हा नियमच आहे.

शोधताना फोनवर दोन गोष्टी विचारा. ओपन आहे की क्लोज्ड, कारण ओपनला तुम्ही सोबत बसू शकता, क्लोज्डला फक्त दारू सोडू पाहणारे. आणि सुटते किती वाजता, त्यावर परतीचं ठरवा. जवळपास काही नसेल तर फोनवरच्या झूम मीटिंगा आहेत, रेंज येते त्या झाडाखाली बसून मी पण केल्यात, समोर बसण्याइतकं नाही पण काहीच नसण्यापेक्षा बरं. माहितीसाठी 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी फुकट नंबर आहे, आणि तुमचं स्वतःचं मन बसत असेल तर 14416 टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर. कोणी गडचिरोलीकडचं वाचत असेल तर तिकडे मुक्तिपथ या दारू-तंबाखू सोडवणाऱ्या अभियानाचं काम आहे, तिथं विचारा. (त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे म्हणून पिणारे नाहीत असं समजायचं कारण नाही, वर्ध्याला पण बंदीच आहे, तिथं विचारून पहा.)

तुमच्यासाठी अल-अनॉन वेगळं असतं, घरच्यांचं. माझी बायको आधी "मी काऊन जाऊ, दारू का मी पेतो?" म्हणायची. आता मी कंटाळा केला तरी ती ऑनलाइनवाली चुकवत नाही.

पहिल्या दिवशी त्याला बोलायला लावू नका. मी चार मीटिंगा तोंड उघडलं नव्हतं, फक्त कप विसळले. आणि जे करायचं ते कापूस वेचणीच्या आधी करा. माझी दोन्ही वेळची घसरण चुकारा (कापसाचे पैसे) हातात आला त्याच आठवड्यातली आहे, त्यामुळे अजूनही चुकारा बायकोच्याच खात्यात जातो.