कोल्हापुरी साजातले माणकाचे पान काढून तिथे नीलम बसवावा का?

तुम्ही विचारले आहे की पत्नीसाठी येत्या नवरात्रात हाताने घडवलेला कोल्हापुरी साज करून घ्यायचा आहे, तिची रास मकर आहे, ज्योतिषांनी तिला माणिक वर्ज्य सांगितले आहे, तेव्हा साजातल्या माणकाच्या पानात, म्हणजे पदकात, नीलम बसवून मिळेल का आणि एकूण खर्च किती येईल. मिळेल. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ पेठेत, जाऊन विचारलेत तर नाही म्हणणारा सराफ तुम्हाला शोधावा लागेल. मात्र बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण नेमक्या याच प्रश्नावरून आमच्या घरात एकदा मोठा वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

माझे आजोबा आणि वडील साज घडवत असत. मी खड्यांचे काम शिकले. दुकान थोरला चुलतभाऊ पाहतो, त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो. दादाच्या गल्ल्यामागे राशी आणि खडे यांचा एक रंगीत तक्ता टांगलेला आहे. त्याच्या एका रकान्यात आपली चंद्ररास आहे आणि शेजारच्या रकान्यात इंग्रजी महिन्यांप्रमाणे जन्मरत्ने आहेत. ही दुसरी यादी अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने १९१२ मध्ये ठरवली, तिचा आपल्या पत्रिकेशी काडीचाही संबंध नाही. पण गिऱ्हाईक एका रकान्यात अडले नाही तर दुसऱ्यात अडते, एवढा तिचा उपयोग आहे.

कागल भागातल्या एक आजी सुनेला घेऊन दुकानात आल्या, तेव्हा मी आत कामाच्या पाटावर होते. साज त्यांच्या सासूबाईंचा, पूर्ण एकवीस पानांचा होता, आणि तसा हल्ली फारसा पाहायला मिळत नाही. दहा पाने दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, एक माणकाचे, एक पाचूचे आणि मध्ये डोरले. हल्ली दहाबारा पानांवरच काम भागवतात. दोन पानांमधले जावमणी झिजून गुळगुळीत झाले होते, मत्स्याच्या पानावरचे खवले तर बोटाला लागतच नव्हते. सुनेला साडेसाती सुरू होती आणि सूर्य व शनी यांचे वैर असल्याने सूर्याचे माणिक गळ्यात नको, तिथे शनीचा नीलम बसवावा असा सल्ला त्यांना मिळाला होता. दादाने दोन मिनिटांत नीलम दाखवला, भाव सांगितला आणि पान माझ्याकडे पाठवून दिले.

साजाचे पान भरीव नसते. पातळ पत्र्यावर ठसा उठवून पोकळ पान करतात आणि आत लाख भरतात, म्हणून ते दिसते भरघोस आणि गळ्याला हलके लागते. अशा पानातला खडा काढायचा म्हणजे त्याच्या घराची कड धारेने उचलायची. ज्योत जवळ नेली की लाख वितळते आणि पान चेपते. कड उचलण्यापूर्वी मी सवयीने खडा भिंगाखाली धरला. आत बारीक गोल बुडबुडे होते आणि एका बाजूने पाहिल्यावर ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा वक्र रेषा दिसत होत्या. खाणीतल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ आणि कोनात असतात. वक्र रेषा आल्या की तो ज्योतीत वितळवून तयार केलेला खडा समजायचा. व्हर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ती पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली आणि पुढच्या काही दशकांत असे माणिक गावोगावच्या दागिन्यांत जाऊन बसले.

म्हणजे ज्या माणकाच्या भीतीने ही मंडळी तालुक्याहून आली होती, ते माणिक कारखान्यात जन्मलेले होते. दादाचे म्हणणे पडले की हे सांगायची गरज नाही, त्यांना नीलम हवा आहे, आपण नीलम द्यावा. मी बाहेर येऊन सांगितले. सून गप्प झाली. आजींनी पान हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "माझ्या सासूनं जन्मभर घातलं, मी घातलं. खडा खोटा निघाला म्हून सासू खोटी हुती व्हय? ऱ्हाऊ दे ते पान हाय तसं." पान परत ओवून दिले. सुनेने चांदीच्या अंगठीत छोटा नीलम घेतला, त्यामुळे दादाचा अगदीच तोटा झाला असेही नाही. तरीही पुढे कितीतरी दिवस तो माझ्याशी फक्त वजनाचे आकडे बोलत होता. गिऱ्हाइकाची श्रद्धा तपासणे हे सोनाराचे काम नव्हे, हे त्याचे वाक्य मला आता पाठ आहे. श्रद्धा मी तपासलीच नव्हती, खडा तपासला होता.

आता तुमच्या नीलमाकडे येते. ज्योतिषशास्त्राच्या नियमांनीच पाहिले तरी तो साजात बसत नाही. ग्रहाचा खडा अंगाला लागला पाहिजे असा दंडक आहे, म्हणून त्याचे घर खालून उघडे ठेवतात. साजाचे पान मागून बंद असते, आत लाख असते, आणि जुन्या पद्धतीच्या कामात रंग खुलावा म्हणून खड्याखाली चकाकता पातळ पत्रा, म्हणजे डांक, घालतात. त्या पानातला नीलम तुमच्या पत्नीच्या गळ्याला कधीही स्पर्श करणार नाही. दुसरे म्हणजे वजन. तुम्हाला सव्वापाच रत्ती सांगितले असेल, बहुतेकांना तेवढेच सांगतात. ज्योतिषातली रत्ती सुमारे ०.१८२ ग्रॅमची धरतात, म्हणजे तो खडा पावणेपाच कॅरटच्या पुढे जातो. सोनाराची जुनी रत्ती तोळ्याचा शहाण्णवावा भाग, म्हणजे सुमारे ०.१२ ग्रॅम, आणि त्या हिशेबाने सव्वापाच रत्तींचा खडा सव्वातीन कॅरटही भरत नाही. कोणत्या रत्तीने भाव लावला हे बिलावर कॅरटमध्ये लिहून घ्या. पावणेपाच कॅरटचा खडा साजाच्या पानात मावतच नाही. त्यासाठी पानच वेगळे घडवावे लागेल आणि ते बाकीच्या पानांच्या ओळीत परक्यासारखे दिसेल.

वैराबद्दलही बोलते. माणिक आणि नीलम हे एकाच खनिजाचे दोन रंग आहेत. दोन्ही कुरुंद, दोन्हींची काठिण्यपातळी ९. क्रोमियमने लाल होतो, लोह आणि टायटॅनियमने निळा. पुराणातही शनी सूर्याचाच मुलगा आहे, तेव्हा वैर असले तरी घरातलेच आहे. शिवाय ज्या नवरत्नाच्या अंगठीला अनेक ज्योतिषी मान देतात, तिच्या मधोमध माणिक असते, पश्चिमेला नीलम असतो, आणि शनीच्या मकर राशीचे लोक ती बिनदिक्कत घालतात. माणिक वर्ज्य म्हणणाऱ्याने याचे उत्तर द्यावे. दादाने अजून दिलेले नाही.

माझा खरा आक्षेप मात्र निराळा आहे. साज हा देवीच्या आणि सौभाग्याच्या परंपरेतला दागिना आहे, ग्रहशांतीचा नव्हे. दुर्गासप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायात देवीला दागिने कोण देतो ते पाहा: निर्मळ हार, चूडामणी, कुंडले, कडी, बाजूबंद, नूपुर आणि सगळ्या बोटांतल्या रत्नांच्या अंगठ्या क्षीरसागराने दिल्या, आणि हिमालयाने सिंहाबरोबर नाना रत्ने दिली. सूर्य तिथे आहे, पण त्याने माणिक दिले नाही. तिच्या रोमरोमांत आपले किरण भरले. तिथे कोणी तिची रास विचारून खडे निवडले नाहीत. दशावतार आणि अष्टमंगले यांच्या पंक्तीला माणिक आणि पाचू ज्याने बसवले, त्याने लाल आणि हिरवा रंग सौभाग्यवतीला शोभतो हेच पाहिले असावे, असे मला वाटते. आपल्या सोयीसाठी त्यातले एक पान बदलणे म्हणजे ओवीतला एक चरण बदलण्यासारखे आहे.

हे सगळे सांगितल्यावर एक गोष्ट मान्य करायला हवी की मी ज्योतिषी नाही, आणि तुमच्या पत्नीला त्या सल्ल्याने खरोखर धीर येत असेल तर त्यावर वाद घालायला मी कोण. नीलम हवाच असेल तर वेगळी अंगठी करा, खालून उघडी, आणि खडा बसवण्याआधी प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र घ्या. बाजारातले बहुतेक नीलम तापवून रंग सुधारलेले असतात. तो गुन्हा नाही, पण प्रमाणपत्रावर तसे लिहिलेले असले पाहिजे. साजातले माणिक नवे घेणार असाल तर शिशाच्या काचेने भेगा भरलेल्या खड्यापासून सांभाळा. तो दिसतो छान आणि मिळतो स्वस्त, पण पुढे कधी डागडुजीला ज्योतीजवळ आला की खराब होतो, आणि लिंबाच्या रसानेही त्यातली काच खाल्ली जाते. हॉलमार्क फक्त सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

खर्चाचा आकडा मी देत नाही, कारण तो पानांची संख्या, सोन्याचा त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ यांवर ठरतो, आणि हाताच्या कामाची घडणावळ यंत्रावर काढलेल्या पानांपेक्षा बरीच जास्त असते. एकच काळजी घ्या: लाखेसकट एकूण वजन आणि लाख वजा जाता निव्वळ सोन्याचे वजन हे दोन्ही पावतीवर वेगवेगळे मागा, आणि पाने भरण्यापूर्वी रिकामी असतानाच तुमच्यासमोर तोलून घ्या. सराफाने टाळाटाळ केली तर दुसरे दुकान पाहा, आमचे असले तरी.