वकीलताईंना विचारा : त्या पोरांना चोपावं का?

प्रश्न : वकीलताई, मी २२ वर्षांचा, नाशिकला सिडकोत राहतो. आमच्या चौकात सात-आठ पोरांचं टोळकं संध्याकाळी ‘त्यांच्याकडून भाजी घेऊ नका’ असं ओरडत फिरतं. ‘त्यांच्याकडून’ म्हणजे कुणाकडून, हे तुम्हाला कळेलच. गेल्या आठवड्यात त्यांनी एका म्हाताऱ्या भाजीवाल्याची हातगाडी उलटवली. मित्र म्हणतात, सरळ बोटाने तूप निघत नाही, एकदा चोपून काढू. अशांना मारणं कधी योग्य असतं का?

उत्तर : असतं. पण तुझे मित्र म्हणतात तेव्हा नाही.

गाडी उलटत होती तेव्हा तू तिथे होतास का? मध्ये पडून एखाद्याचा हात पिरगाळला असतास, तर मी तुझं वकीलपत्र फुकट घेतलं असतं. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं बचावाच्या हक्काची. दुसऱ्याचा जीव, दुसऱ्याची मालमत्ता वाचवणंही त्यात बसतं. मात्र बचावापुरताच बळाचा वापर, आणि धोका समोर असेपर्यंतच. टोमॅटो रस्त्यावर सांडून पोरं पांगली, तिथे तो हक्क संपला. दुसऱ्या दिवशी पाच जण काठ्या घेऊन चोपायला निघालात, की तुम्हीच बेकायदा जमाव.

सीबीएसजवळच्या कोर्टात ३१ वर्षं काढली मी. असंच भाषण ठोकणाऱ्या एकाच्या कानाखाली वाजवणारा पोरगा माझा अशील होता. ऐकून मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? नऊ वर्षं तारखा चालल्या. पोलीस पडताळणीत त्याची नोकरी गेली. ज्याने मार खाल्ला त्याच्या गळ्यात हार पडले.

तुझे मित्र लंडनच्या केबल स्ट्रीटचा दाखला देतील. ४ ऑक्टोबर १९३६, ब्रिटिश फॅसिस्ट नेता मोस्ले याच्या काळ्या शर्टवाल्यांचा मोर्चा ज्यू वस्तीतून जाणार होता, लोकांनी रस्ते अडवले, त्याला मागे फिरावं लागलं. हाणामारी झाली, तीही बहुतेक पोलिसांशीच. मला ते लोक आवडतात. पण पुढच्याच रविवारी माइल एंड रोडवर ज्यूंच्या दुकानांच्या काचा फोडल्या गेल्या. सूड निघाला तो दुकानदारांवर.

अहिंसेने सगळं मिळतं, असंही मी म्हणणार नाही. आपल्याच काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, रामनवमीला सत्याग्रहींनी दगड खाल्ले, पाच वर्षं झुंज दिली, तरी दार उघडलं नाही.

तक्रार मात्र कर. व्हिडिओ असेल तर मूळ फाइल जपून ठेव. द्वेषपूर्ण भाषणावर तक्रार नसतानाही गुन्हा नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ ला सगळ्या राज्यांना बजावलंय. अर्जात ते लिही, पोच घे. पुन्हा गाडीला हात लावताना दिसले तर आधी ११२.

आणि एक. पत्रात मित्र काय म्हणतात ते आहे, ते भाजीवाले बाबा काय म्हणतात हे कुठेच नाही. उद्या गाडी तिथेच त्यांना लावायची आहे. साक्ष द्यायची का, तुम्ही पोरांनी संध्याकाळी शेजारी उभं राहायचं का, हे त्यांना विचार. गाडीचं चाक वाकलं असेल तर वेल्डिंगचे पैसे मित्रांकडून गोळा कर. पवननगरला जाताना गवार त्यांच्याकडूनच घे.